व्हेनेमांच्या बाकावरची जागा

न्यू ड्रेन्थ, आयोवा
१२ जानेवारी

प्रिय फेना आत्या,

माझं सगळं बदललं ते गेल्या शनिवारी सकाळी, रॉय कॅलवे माईकसमोर गप्प उभे राहिले तेव्हा. बोलले तेव्हा नाही, गप्प राहिले तेव्हा.

जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये त्यांच्या प्रचाराची न्याहारी होती. अख्खा तालुका पॅनकेक खायला लोटला होता. तुला आपली माणसं ठाऊकच आहेत. राष्ट्राध्यक्ष होऊ पाहणारा माणूस समोर उभा असला तरी पाक संपला का याची चिंता आधी. कॅलवे म्हणाले, "ज्यांना जन्मच घेऊ दिला नाही, त्यांच्यासाठी जरा थांबू या." आणि थांबले. काटे-चमचे थांबले, म्हातारे खोकायचे थांबले. माझ्या शेजारी ज्युडिथ व्हेनेमा कॉफीची किटली घेऊन उभी होती. तिने डोळे मिटले आणि किटली कलली, ती थेट माझ्या बाहीवर. तिला पत्ता नव्हता. मी हात हलवला नाही. पोळला, तरी हलवला नाही.

सोमवारी कॉलेज सोडलं. शिक्षण संपायला दीड वर्ष आहे आणि कॉकसला महिनासुद्धा नाही. पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणाला उभं करायचं हे देशात सगळ्यांत आधी आपल्या गावच्या शाळेत बसून ठरणार, आणि मी ग्रीक क्रियापदं पाठ करत बसू? आज शाळेत पोराने जेवणाआधी हात जोडले तर बाई दचकतात. पुढच्या चार वर्षांत न्यायाधीश कोण नेमणार, त्यावर किती पोरं जन्माला येणार हे अवलंबून आहे. कॅलवेंचं तोंड आणि आयुष्य एक आहे. तो दुसरा, गव्हर्नर स्ट्रँड, त्याची पहिली बायको कुठे आहे कुणाला ठाऊक नाही आणि दुसरी प्रत्येक फोटोत हसते आहे. ज्याला वेदीपुढचं वचन पाळता आलं नाही, तो देशाची शपथ काय पाळणार? हे वाक्य माझं आहे. प्रचाराच्या लोकांना फार आवडलं.

आता गंमत ऐक. आपल्या गावात त्या स्ट्रँडचा माणूस कोण? गॅरिट व्हेनेमा. चर्चच्या पंचांतला, पशुखाद्याच्या गिरणीचा मालक, आणि ज्युडिथचा बाप.

बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. डुकरांशी बोलतात. तू त्यांची थोरली बहीण, तूच काहीतरी लिही.

तुझा
आर्लन


लिंडन, वॉशिंग्टन
१८ जानेवारी

चि. आर्लन यास फेना आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एक सांग, गप्प राहिले ते कॅलवे, मग तुझ्या पत्रात डोळे मिटलेत ते ज्युडिथने कसे? कॉलेज देशासाठी सोडलंस की कॉफीसाठी, हे आधी स्वतःशी ठरव, मग बापाला सांग. त्याला दोन्ही कारणं चालतील, पण सरमिसळ चालणार नाही. तो लहानपणापासून असाच आहे. डुकरांशी बोलतोय ना, मग ठीक आहे. डुकरांशीही बोलेनासा झाला की मला फोन कर.

पोटातल्या लेकरांबद्दल मला पटवू नकोस. तू जन्मायच्या आधीपासून मला पटलेलं आहे. दर गुरुवारी मी आणि दूधसंघातल्या दोघी जणी शहरातल्या एका घरी जातो. पोट दिसायला लागलं म्हणून घराबाहेर काढलेल्या मुली तिथे राहतात. काढणारे बहुतेक चर्चला जाणारेच असतात. त्या मुलींना भाषण नको असतं रे. त्यांना खोली हवी असते, गरम सूप हवं असतं, आणि 'आता कसं होणार' असं न विचारणारी एखादी बाई हवी असते. तरी मत मी बहुधा तुझ्या कॅलवेंनाच देईन. रेडिओवर ऐकते मी त्यांना. माणूस खरा वाटतो, थोडा स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात आहे इतकंच.

ते वचन आणि शपथेचं वाक्य वाचून मात्र मी पत्र घडी घालून ठेवलं आणि गोठ्यात गेले. वाक्य चांगलं आहे. चांगल्या वाक्यांना जपावं, ती कुणाला लागतील ते सांगता येत नाही.

गॅरिटला मूर्ख समजू नकोस. तो कमी बोलतो, एवढाच त्याचा दोष.

तुझी
आत्या


न्यू ड्रेन्थ
२६ जानेवारी

प्रिय आत्या,

सगळं विसकटलं आहे आणि ते कुणी विसकटलं हे मला ठाऊक आहे.

मागच्या बुधवारी ज्युडिथ पोस्टाच्या पायरीवर भेटली. हातमोजे काढले, परत घातले, आणि म्हणाली, "रविवारी आमच्या बाकावर येऊन बस." आत्या, तुला याचा अर्थ सांगायला नको. आपल्याकडे पोरगा चर्चमध्ये मुलीच्या घरच्या बाकावर बसला की लोक लग्नाचा केक कोण करणार यावर बोलायला लागतात. मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव नव्हती.

शनिवारी कॅलवेंच्या कचेरीतून किप आला, राजधानीहून. गाडीच्या डिकीत पत्रकांचे गठ्ठे, वर मोठ्या अक्षरांत माझं वाक्य. म्हणाला, "तालुक्यातल्या सगळ्या गाड्या एका जागी कधी उभ्या असतात?" मी म्हटलं, "रविवारी सकाळी." तो म्हणाला, "मग?"

मी हिशेब केला होता. सुरुवातीची स्तोत्रं चालू असतील तोवर काचांवर पत्रकं खोचायची आणि उपदेशाआधीची लांब प्रार्थना सुरू व्हायच्या आत बाकावर जाऊन बसायचं. पण थंडी अशी की वायपर काचेला चिकटून बसलेले, एकेक सोडवावा लागला. दाराशी पोचलो तोवर लांब प्रार्थना सुरू झाली होती. आणि प्रार्थना चालू असताना दारावरचा क्लास नावाचा म्हातारा साक्षात प्रेषित पीटर आला तरी आत सोडणार नाही. मग नुसतं कुडकुडत कशाला उभं राहायचं, म्हणून मी उरलेल्या गाड्या उरकल्या. आत गेलो तेव्हा उपदेश शेवटाला आला होता. मागे कोट टांगतात तिथे उभा राहिलो.

चर्च सुटल्यावर जे झालं ते विचारू नकोस. जिथे रविवारी कुणी दोरीवर टॉवेल वाळत घालत नाही, तिथे मी पत्रकं वाटली. पाद्री म्हणाले, "प्रभूच्या दिवशी, आर्लन?" मी म्हटलं, "शब्बाथाच्या दिवशी मेंढरू खड्ड्यात पडलं तर तुम्ही वर काढणार नाही का?" ते म्हणाले, "काढीन. पण आधी ते पडलेलं असलं पाहिजे." मागे कुणीतरी हसलं. गॅरिट व्हेनेमांनी आपल्या काचेवरचं पत्रक काढलं, वाचलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं. ज्युडिथ गाडीत जाऊन बसली, माझ्याकडे न बघता.

फोन केला की तिची आई म्हणते, "ती कामात आहे." दोन दिवस सारखी कामात आहे. मला कळतं की काय चाललंय. बापाने दाबलंय तिला. आपल्या उमेदवारावर कुणी बोट ठेवलं ते त्यांना सोसलं नाही, आणि राग काढला पोरीवर. ठीक आहे. कॉकसला कॅलवेंच्या बाजूने बोलणारा मीच आहे, स्ट्रँडच्या बाजूने ते. मी ते वाक्य त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणणार आहे, भर सभेत. खरं बोलायची किंमत पडते ती पडू दे.

आर्लन

ता.क. तिला पत्र टाकलं आहे. तुझ्या बापाला भिऊ नकोस असं लिहिलंय.


लिंडन
२९ जानेवारी

चि. आर्लन,

आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

गाढवा, पत्रकांचं सोड. रविवारचंही सोड, ते पंच आणि पाद्री बघून घेतील. व्हेनेमांच्या बाकावर एक जागा रिकामी होती. पहिल्या स्तोत्रापासून शेवटच्या आमेनपर्यंत. ती जागा कुणासाठी ठेवली आहे हे घरातल्या धाकट्याला ठाऊक, आणि म्हणून अर्ध्या गावाला ठाऊक. तू बाहेर देश वाचवत होतास आणि ती पोरगी आत सगळ्यांच्या नजरा मानेवर घेऊन बसली होती. तुझ्या तीन पानी पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. पाद्र्यांना काय उत्तर दिलंस तेवढं मात्र आहे.

मला हे कसं कळतं, तेही आता सांगते. तुझ्या बाबांनी माझं हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगू नकोस असं मीच त्याला बजावून निघाले होते.

टेड काका माझा दुसरा नवरा. पहिलं लग्न त्याच चर्चमध्ये, त्याच वेदीपुढे झालं होतं. तो कोण, याची तुला गरज नाही. तो देवाघरी गेला आहे. एका वसंतात तो बियाणं आणायला म्हणून शहरात गेला आणि तिकडूनच वकिलाचा कागद पाठवला. मी काहीच मोडलं नव्हतं, आर्लन. पण घटस्फोट झालेली म्हणूनच लोक मला ओळखायला लागले. प्रभुभोजनाच्या वेळी ताट माझ्या हातात देताना पंच जरा थांबायचे. डाव्या हाताचा, खिडकीजवळचा आमचा बाक. दोघांचा होता, मी एकटी बसायचे. लोक पुढे बसायचे, मागे बसायचे. त्या बाकावर कुणी येत नसे. वाईट नव्हते ते लोक. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून काहीच करत नव्हते.

मग एका रविवारी, पहिलं स्तोत्र चालू असताना, गॅरिटची आई आपल्या बाकावरून उठली. नवऱ्याला, पोरांना ओलांडून बाहेर आली, मधली वाट ओलांडली आणि माझ्याजवळ येऊन बसली. पर्स मांडीवर ठेवली आणि पुढचं कडवं म्हणायला लागली. मी इकडे पश्चिमेला येईपर्यंत दर रविवारी ती तिथेच बसली. गॅरिट तेव्हा तरुण होता. त्याने ते पाहिलं आहे. आता तो स्ट्रँडला का मत देतो ते मी त्याला विचारलेलं नाही, पण तुझं वाक्य वाचून त्याने चार घड्या का घातल्या असतील ते मला कळतं.

मत बदल असं मी म्हणत नाही. मीही बदललेलं नाही. लग्न मोडू नये, लेकरू मारू नये, शाळेत पोरांना हात जोडता यावेत. यातलं काहीही सोडू नकोस. पण खरं बोलायची किंमत पडते असं लिहिलंस ना, ती या वेळी तू भरलेली नाहीस, एवढं बघ.

आता आशीर्वाद. रागावलेली नाही. एवढं लिहून झाल्यावर थोडी रडले, मग तुझ्या काकांना कॉफी करून दिली. त्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, आमचा आर्लन राजकारणात पडलाय. ते म्हणाले, मग रडणं बरोबर आहे.

तुझी
आत्या


न्यू ड्रेन्थ
४ फेब्रुवारी

आर्लन,

तुझं पत्र मिळालं. बाबांनी मला दाबलेलं नाही. पत्रकाबद्दल ते घरात एकच वाक्य बोलले, "पोरगं लिहितं जोरदार." मी कॅलवेंना मत देणार हे त्यांना उन्हाळ्यापासून माहीत आहे. आम्ही एकाच गाडीतून कॉकसला जाणार आहोत आणि दोघं एकमेकांच्या विरुद्ध मत टाकून त्याच गाडीतून परत येणार आहोत. आमच्याकडे असंच चालतं.

त्या रविवारी आमचा धाकटा बेन सरकून बसला होता, तुला जागा व्हावी म्हणून. उपदेश सुरू झाला तशी आईने सगळ्यांना पेपरमिंट दिली आणि एक त्या मोकळ्या जागेवर ठेवली. तिला वाटलं, येशील. उपदेश संपला तरी ती तिथेच होती. कुणी उचलेना, म्हणून शेवटी मी उचलून खिशात टाकली. मी तासभर मान वळवली नाही, कारण मागच्यांना माझी मानच दिसत होती.

तू चोरी केली असतीस, दारू प्यायला असतास, तर मला भांडता आलं असतं. देवाच्या कामाला गेलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते मला येत नाही. आणि जन्मभर तसंच होणार असेल तर ते मला आत्ताच कळलेलं बरं.

जागा मी एकदा ठेवली. आता ठेवणं माझ्याकडे नाही.

ज्युडिथ


न्यू ड्रेन्थ
१४ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते घेऊन गोठ्यात गेलो. बाबा डुकरांना खाद्य टाकत होते. मी विचारलं, "तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?" त्यांनी बादली रिकामी केली, उलटी करून झटकली, मग म्हणाले, "तिने टाकून दिलेलं ओझं आपण कशाला उचलायचं?" महिन्याभरातलं त्यांचं माझ्याशी हे पहिलं बोलणं. नंतर म्हणाले, "त्या तिसऱ्या मादीला खोकला झालाय, बघ जरा." म्हणजे आता आमचं बोलणं सुरू आहे.

कॉकस झालं. शाळेचा व्यायामाचा हॉल भरून गेला होता, बायकांनी बाहेर गोड वड्या आणि कॉफी मांडली होती. आधी मी बोललो. लिहून नेलेला कागद खिशातच ठेवला. न जन्मलेल्यांबद्दल बोललो, न्यायाधीशांबद्दल बोललो. आणि तुझ्या गुरुवारच्या घराबद्दल बोललो, तुझं नाव न घेता. म्हटलं, कॅलवेंना मत द्या, पण मत देऊन घरी जाऊन झोपू नका, आपल्या गावात अशी एक खोली आहे का ते विचारा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपली माणसं कुठे टाळ्या वाजवतात? पण बार्टेल्सकाकू मागून म्हणाल्या, "आमची माडीवरची खोली रिकामीच आहे," आणि त्यांचा नवरा म्हणाला, "तिच्यात माझं मासेमारीचं सामान आहे." "होतं," काकू म्हणाल्या.

ते वाक्य मी म्हटलं नाही. किप भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता. मी खाली बसल्यावर त्याने पत्रक काढलं आणि स्वतःच मोठ्याने वाचून दाखवलं. ज्याला वेदीपुढचं वचन पाळता आलं नाही. आत्या, आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना काय वाटतं ते मी तुला सांगू शकत नाही. मी उठलो आणि म्हटलं, "ते माझं आहे. मी ते परत घेतो. कॅलवे त्याच्याशिवायही निवडून येण्याच्या लायकीचे आहेत." किप म्हणाला, "छापून झालंय, मित्रा." मी म्हटलं, "मग जाळायला बरं."

मग गॅरिट व्हेनेमा उठले. टोपी हातात घेऊन. म्हणाले, "मी चर्चसाठी पंच निवडत नाही, देशासाठी कारभारी निवडतोय. स्ट्रँडने लग्न मोडलं ते चूकच. पण मोडलेल्या घरांतून बाहेर आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतलं एक माणूस मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यांत खरं माणूस होतं." बस, एवढंच. त्या खोलीत ते कुणाबद्दल बोलले हे बऱ्याच म्हाताऱ्यांना कळलं असावं. मान खाली घालून बसले होते सगळे. तरुणांत फक्त मला कळलं.

चिठ्ठ्या आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत गोळा केल्या. आपल्या गावात कॅलवे आरामात जिंकले. राज्यात तिसरे आले. मला वाटलं होतं त्या रात्री मी एक तर नाचेन नाहीतर रडेन. मी खुर्च्या आवरल्या. दुसऱ्या टोकाने गॅरिटकाका आवरत होते. मध्ये भेटलो तेव्हा म्हणाले, "भाषण बरं होतं. मत चुकीचं, पण भाषण बरं."

मी म्हटलं, "काका, त्या रविवारी..."

"ते माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "माझ्या गाडीवर फक्त पत्रक होतं." मग आणखी दोन खुर्च्या घडी केल्या आणि म्हणाले, "तुझ्या आत्याला माझा नमस्कार कळव."

तर नमस्कार.

कॅलवेंची गाडी मंगळवारी सकाळी पुढच्या राज्याकडे निघाली. किपने तरीही बोलावलं होतं, तिकडे बर्फात दारोदार फिरायला पोरं कमी पडतात म्हणे. मी गेलो नाही. पण त्याचं श्रेय मला देऊ नकोस. मी पिशवी भरली होती. पेट्रोलपंपावर उभा राहिलो, गाडी आली, दार उघडलं, आणि मला एवढंच सुचलं की हीसुद्धा देवाचीच गाडी आहे आणि याही वेळी मला कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही. मी पिशवी घेऊन घरी आलो. कॉलेजला लिहिलं आहे, शरद ऋतूत परत घेतात का बघू. तोवर डुकरं आहेत.

ज्युडिथशी अजून बोलणं नाही. फोन मी केला नाही, पत्र टाकलं नाही. माफी मागणारी चार पत्रं लिहिली, चारही फार सुंदर झाली, म्हणून फाडली.

तिच्या चिठ्ठीतली शेवटची ओळ मी आठवडाभर चघळतो आहे. जागा ठेवणं आता तिच्याकडे नाही. मग कुणाकडे आहे? मला इतकं उशिरा कळतं, आत्या.

डाव्या हाताचा, खिडकीजवळचा बाक अजून तसाच आहे. हल्ली तिथे कायमचं कुणी बसत नाही, बाहेरगावचे पाहुणे बसवतात. मी आज तिथे बसणार आहे. एकटा, पुढून तिसऱ्या बाकावर, सगळ्या चर्चला दिसेल असा. टोकाला बसणार नाही, आत सरकून बसणार आहे, म्हणजे वाटेच्या बाजूला एका माणसाची जागा राहील. मागे वळून बघणार नाही. मानेवर जेवढे डोळे पडतील तेवढे पडू देत, तिच्यावर पडले होते तेवढे तरी. आज कुणी आलं नाही तर पुढच्या रविवारी बसेन. त्यापुढचं मला ठाऊक नाही. घरच्यांना ओलांडून, वाट ओलांडून यायला तुमच्या काळीही एकच बाई निघाली होती, आणि तिला मी कधी पाहिलंही नाही.

बाबा खालून विचारतायत, "गाडी काढू का?" मी म्हटलं चालत जातो. ते म्हणाले, "मग आत्ता नीघ. आज लवकर पोच."

घंटेला अजून बराच वेळ आहे. पत्र उद्या टाकीन, आज पोस्ट बंद. आता दिवा मालवतो, टोपी घेतो. बाहेर पडतो, आणि मागे दार लावून घेतो.

तुझा
आर्लन